रोपवाटिका चालवायची तर वही नीट ठेवा



आपल्या कार्यक्षेत्रात कांडी लागण मागे पडत चालली आहे आणि रोप लागण वाढते आहे, हे आता कोणाला नव्याने सांगायला नको. दोन डोळ्यांची टिपरी वापरली तर एकरी अडीच-तीन टन बेणे लागते. पाच फूट सरी आणि दोन फुटांवर रोप धरले तर एकरात ४,३५६ रोपे बसतात आणि तेवढ्यावर काम भागते. शिवाय पहिला महिनाभर रान मोकळे राहते, पाणी वाचते, तुटाळ कमी पडते. फायदा डोळ्यांना दिसतो, म्हणून शेतकरी रोपाकडे वळला.

शेतकरी वळला तशी रस्त्याकडेला हिरवी शेडनेट उभी राहिली. कोणी अर्ध्या एकरात, कोणी घरामागच्या दहा गुंठ्यात, कुठे बचत गटातील भगिनींनी मिळून ट्रे भरायला घेतले. आम्हा शेतकी खात्याच्या लोकांना याचा आनंदच आहे. चांगले रोप गावातच मिळाले तर बाहेरच्या तालुक्यातून कसलेतरी रोप आणून लावायची पाळी येत नाही. पण एक गोष्ट मनाला लागते. आज उभे राहिलेले शेडनेट दोन-तीन हंगामांनी उतरवलेले दिसते. चौकशी केली की मालक म्हणतो, "साहेब, परवडत न्हाई." रोप वाईट होते का? नव्हते. गिऱ्हाईक नव्हते का? होते, रांग लागली होती. मग परवडले का नाही, हे विचारले की वही निघते, आणि वहीत काही लिहिलेलेच नसते. असले तर पेन्सिलीने, एका ओळीत, "दाजी – ८ हजार रोप".

आमचे स्पष्ट मत आहे की आपल्या भागात रोपवाटिका बुडते ती खोडकिडीने किंवा मर रोगाने फार थोडी. ती बुडते तोंडी व्यवहाराने. म्हणून या अंकात जातीची निवड, कोकोपीट, बेणेप्रक्रिया हे विषय बाजूला ठेवून धंद्याच्या कागदाविषयी लिहायचे ठरवले आहे.

मुळात आपण सभासद व्यवहार न जाणणारे लोक नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गाळपाला आल्यापासून १४ दिवसांत किंमत मिळाली पाहिजे आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे आपल्याकडे शाळेतली पोरेसुद्धा सांगतील. पंधरावा दिवस उजाडला की गट ऑफिसात फोन सुरू होतात, आणि ते रास्तच आहे. पण हाच सभासद स्वतः रोपवाटिका घालतो तेव्हा हजारो रोपे पाव्हण्याच्या टेम्पोत भरून देतो आणि पैसे कधी, हे विचारत नाही. विचारले तर पाव्हणा रागावेल म्हणून! कारखान्याला तारीख लावणारा माणूस मेहुण्याला तारीख लावू शकत नाही. ऊस बिलाला जो हिशेब आपण लावतो, तोच रोपाला लावावा, यापेक्षा जास्त काही आमचे मागणे नाही.

आता थोडे आकडे मांडू. हे आकडे समजण्यासाठी आहेत, आपापले आकडे ज्याने त्याने घालावेत. समजा एक रोप तयार करायला सगळा खर्च धरून १ रुपया ९० पैसे पडतात आणि ते अडीच रुपयांना विकले जाते. मालक मनात धरतो की रोपामागे साठ पैसे सुटले, हजारी सहाशे. पण हजार कप भरले म्हणजे हजार रोपे विकली गेली असे नाही. उगवण ८५ टक्के धरा. खर्च हजार कपांचा, म्हणजे १,९०० रुपये. विक्री ८५० रोपांची, म्हणजे २,१२५ रुपये. शिल्लक २२५. आता त्या विक्रीतील दहा टक्के उधारी बुडाली, तर २१२ रुपये ५० पैसे गेले. हजार कपांमागे हातात राहिले साडेबारा रुपये. दहातला एकच गिऱ्हाईक बुडवा निघाला आणि सगळा हंगाम साडेबारा रुपयांवर आला! दुसरा निघाला तर खिशातून घालावे लागतील.

बरे, तो १ रुपया ९० पैसे तरी खरा असतो का? बहुतेक ठिकाणी नसतो. घरचे बेणे म्हणून त्याची किंमत धरलेली नसते. तेच बेणे गाळपाला गेले असते तर टनाला पैसे मिळालेच असते ना? मग ते फुकट कसे? घरातील बायका दिवसभर डोळे काढतात, ट्रे भरतात, त्यांची मजुरी कोणी लिहीत नाही. ट्रे दोन-तीन हंगाम चालतो, पण तो पहिल्या वर्षीच फुकट झाला असे धरले जाते आणि चौथ्या वर्षी नवीन घ्यायला पैसे नसतात. शेडनेट, फॉगर, मोटर, कोकोपीटचे भाडे, वीज, फोन, हे सगळे लिहा. लिहिल्यावर कदाचित कळेल की शेजारच्या रोपवाटिकेपेक्षा दहा पैसे स्वस्त द्यायची जी घाई आपण केली, ती तोट्यात घेऊन जाणारी होती. भाव पाडण्याची ही चढाओढ आपल्या गावागावात लागली आहे आणि तिच्यात चांगला रोपवाटिकावाला आधी मरतो, कारण तो बेणे निवडून घेतो आणि त्याचा खर्च जास्त असतो.

आता मागणीचा कागद. रोप ही नाशवंत वस्तू आहे. एका महिन्याचे रोप द्यायला ठेवले, गिऱ्हाइकाने "पाऊस पडू दे, मग नेतो" म्हणून पंधरा दिवस लांबवले, की मुळ्या कपात गुंडाळतात, पाने पिवळी पडतात, आणि मग तोच गिऱ्हाईक म्हणतो, "असलं रोप मी न्हाई घेत." दोष कोणाचा? कागद नसेल तर दोष नेहमी रोपवाल्याचा. म्हणून मागणी घेताना एक साधा छापील फॉर्म भरून घ्यावा. त्यात गिऱ्हाइकाचे पूर्ण नाव व गाव, उसाची जात, रोपांची संख्या, दर, नेण्याची तारीख, किती दिवस उशीर चालेल, आणि आगाऊ रक्कम किती, एवढे असले की पुरे. त्या मुदतीत रोप नेले नाही तर दुसऱ्याला विकण्याचा हक्क मालकाला राहील आणि आगाऊ रकमेतून नुकसान वजा होईल, हे वाक्य त्यात असावेच. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला, एक आपल्याला.

इथे पुष्कळांना वाटते की स्टँप पेपर नसेल तर कागदाला अर्थ नाही. तसे नाही. साध्या कागदावरचा, दोघांनी सही केलेला करार हाही करारच असतो. स्टँप कमी असला तर कोर्टात दाखल करताना मुद्रांक शुल्क व दंड भरावा लागतो, पण करार त्यामुळे रद्द होत नाही. मोठा व्यवहार असेल, समजा एखाद्या संस्थेला हंगामभर रोपे पुरवायची असतील, तर मात्र स्टँपवरच करावा. ऑक्टोबर २०२४ पासून आपल्या राज्यात अशा करारांना पूर्वीच्या १०० ऐवजी ५०० रुपयांचा स्टँप लागतो, हे ध्यानात असू द्या. आणि पाच हजारांवर रोख रक्कम घेतल्याची पावती देताना एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही करावी. रुपयाचे तिकीट वाचवून नंतर पावतीवरच वाद काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

रोप उतरवून देताना चलन करावे. चलनावर जात, संख्या, रोपाचे वय आणि ट्रेची संख्या. ट्रेचा हा मुद्दा फार लहान वाटतो, पण रोपवाटिकावाल्याला विचारा! गेलेले ट्रे निम्मे परत येत नाहीत, आलेल्यांपैकी कित्येक फाटलेले असतात. कोणाच्या गोठ्यात त्यात कोंबड्यांना पाणी ठेवलेले असते. ट्रेमागे अनामत घ्यावी, ती चलनावर लिहावी आणि ट्रे परत आला की रोख परत द्यावी. दोन हंगाम वाईट वाटेल, तिसऱ्या हंगामात सगळ्यांच्या अंगवळणी पडेल. रोप मोजून, बघून घेतल्याची गिऱ्हाइकाची सही चलनावर घ्यावी. भर दुपारी लावले, सरीला पाणी दिले नाही आणि रोप करपले, तर त्या सहीचाच आधार असतो.

आता उधारी. उधारी अजिबात देऊ नका, असे आम्ही म्हणणार नाही. शेतकऱ्याचा पैसा ऊस बिलाला येतो, हे आम्हालाच जास्त ठाऊक. पण उधारीला कायद्याने आयुष्य ठरवून दिले आहे. मुदतीच्या १९६३ च्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशासाठी साधारण तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तीन वर्षे उलटली की येणे खरे असूनही कोर्ट ते वसूल करून देत नाही. मात्र ती मुदत संपण्याआधी त्या माणसाने "इतके पैसे देणे आहे" असे लिहून सही करून दिले, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षे मोजली जातात. थोडी रक्कम भरली आणि त्याची त्याच्या हातची किंवा सहीची नोंद झाली, तरीही तसेच. म्हणून दर वर्षी पाडव्याला म्हणा, मार्चअखेरीला म्हणा, ज्यांच्याकडे बाकी आहे त्यांच्याकडून एका ओळीचा बाकी मान्य असल्याचा कागद घ्यावा. "आबा, हिशेब मिळवून घेऊ, सही करा" एवढे म्हणायला लाजू नये. हिशेब मिळवण्यात अपमान नाही. आणि जो माणूस सहीच करायला तयार नाही, त्याच्या मनात काय आहे हे त्याच दिवशी कळते, हा फायदा वेगळाच.

आणखी एक. आपल्या वहीत आपण लिहिले म्हणून समोरचा बांधला जात नाही. नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुराव्यात चालते, पण नुसत्या त्या नोंदीवर कोणावर देणे बसवता येत नाही, असा जुन्या पुरावा कायद्याचा नियम होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तोच आहे. नोंदीला जोड पाहिजे ती सहीच्या चलनाची. मोबाईलवर "८ हजार रोपे मिळाली, पैसे डिसेंबरला देतो" असा निरोप आला असेल तर तोही पुसू नये, त्याचाही उपयोग होतो.

चेकविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. पुष्कळ जण उधारीपोटी कोरा चेक घेऊन कपाटात ठेवतात आणि निश्चिंत होतात. चेकवर घातलेल्या तारखेपासून तो तीनच महिने चालतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. चेक न वटता परत आला, तर बँकेकडून तसे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस त्या माणसाला पैसे भरायला मिळतात. ते १५ दिवस संपले की पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद दाखल करावी लागते. कलम १३८ म्हणतात ते हेच. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पण या तारखांपैकी एक जरी चुकली तरी फिर्यादीचा जोर जातो. आपले लोक काय करतात? चेक परत आला की त्या माणसाच्या घरी चहा पिऊन येतात, तो म्हणतो "पुढच्या महिन्यात बघू की", आणि नोटिशीचे तीस दिवस तिथेच सरतात. चहा प्यावा, नोटीसही द्यावी. रजिस्टर पोस्टाची पोच जपून ठेवावी.

रोखीलाही मर्यादा आहे. २०१७ पासून एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड. कोणी लाखभर रोपांची मागणी दिली तर अडीच रुपयांनी अडीच लाख होतात. ते तुकडे पाडून रोख घेतले तरी व्यवहार एकच धरला जातो. बँकेतून घ्या. बँकेतून आलेला पैसा हा आपोआप झालेला हिशेबही असतो, पुढे कर्ज मागताना मॅनेजरला दाखवायला उपयोगी पडतो.

वाद खरोखर कोर्टापर्यंत जायला नको असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करून लोकअदालतीत मिटवता येतो. तिथे कोर्ट फी नाही. तडजोड झाली तर तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची ताकद असते आणि तिच्यावर अपील नाही. गावच्या पारावर झालेला निवाडा दुसऱ्या दिवशी फिरतो, लोकअदालतीतला फिरत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता वकिलाची मोफत मदत मिळू शकते, हे बचत गटाच्या भगिनींनी लक्षात ठेवावे.

आतापर्यंत रोपवाल्याच्या बाजूने लिहिले. आता गिऱ्हाइकाच्या बाजूने, कारण तोही आपलाच सभासद आहे. रोप घेणाऱ्याला जात डोळ्यांनी ओळखता येत नाही. को ८६०३२ म्हणून नेलेले रोप भेसळीचे निघाले, हे चार-पाच महिन्यांनी कांडी धरल्यावर कळते, तेव्हा लागण मोडताही येत नाही. त्याचे नुकसान एका हंगामाचे नसते, खोडव्याचेही असते. ग्राहक संरक्षणाचा कायदा अशा वेळी शेतकऱ्याच्या पाठीशी उभा राहतो. बियाण्याच्या तक्रारीत शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. म्हणजे चुकीची जात देणाऱ्या रोपवाटिकेला धोका खरा आहे, आणि असावाच.

प्रामाणिक रोपवाल्याने यातून कसे वाचावे? प्रत्येक वाफ्यावर पाटी लावावी. जात, बेणे कोणत्या मळ्यातून आणले त्याचा गट नंबर, बेण्याचे वय, ट्रे भरल्याची तारीख. बेणे पाडेगाव संशोधन केंद्रातून, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून किंवा कारखान्याच्या बेणे मळ्यातून आणले असेल तर त्या पावत्या फाईलला लावाव्यात. दोन जातींचे डोळे एकाच दिवशी, एकाच जागी काढू नयेत. बहुतेक भेसळ मुद्दाम केलेली नसते, संध्याकाळच्या घाईत टोपल्या बदललेल्या असतात. आणि फलकावर "एकरी १०० टनाची हमी" लिहू नये. टनेज जमिनीवर, पाण्यावर, खतावर आणि लावणाऱ्यावर अवलंबून असते. त्याची हमी आम्ही अधिकारी देत नाही, तुम्ही कशी देता? तसेच परवानगीचा कागद हातात नसताना "शासनमान्य" हा शब्दही फलकावर रंगवू नये. उसाच्या रोपाशेजारी आंबा-पेरूची कलमे विकायला ठेवली तर फळरोपवाटिकांचा १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो, त्याचा परवाना वेगळा.

रोपाबरोबर औषधाची बाटली देण्याची एक नवीन चाल निघाली आहे. आळवणीचे किट, ह्युमिक, टॉनिक, बुरशीनाशक. कंपनीचा माणूस येतो, कमिशन सांगतो, चार खोकी ठेवून जातो. कीटकनाशक व बुरशीनाशक विकायला १९६८ च्या कायद्याखाली परवाना लागतो, खताला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली अधिकारपत्र लागते, आणि २०२१ पासून जैव उत्तेजके म्हणजे टॉनिकवर्गातील मालही त्याच आदेशाखाली आलेला आहे. परवाना नसेल तर खोके परत पाठवा. कंपनीचा माणूस केसला हजर राहायला येत नाही.

भागीदारी. दोघे मित्र किंवा साडू-साडू मिळून रोपवाटिका काढतात, एकाची जमीन, एकाचा पैसा. पहिल्या वर्षी गोडी, दुसऱ्या वर्षी हिशेब, तिसऱ्या वर्षी बोलणे बंद. भागीदारीपत्र करावे आणि ते निबंधकाकडे नोंदवावे. नोंद नसलेल्या भागीदारी संस्थेला शंभर रुपयांवरच्या येण्यासाठी बाहेरच्या माणसावर कोर्टात दावाच लावता येत नाही, असे १९३२ च्या कायद्याचे कलम ६९ सांगते. म्हणजे वर सांगितलेली चलने, बाकीचे कागद, सगळे असून दावा अडणार. आणि एका भागीदाराने संस्थेच्या नावावर केलेले देणे दुसऱ्याच्या घरादारावरही येते. जामिनाचेही तसेच. "नुसती सही करायची आहे" असे म्हणून कर्जाला जामीन घेतले जाते. पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि बँक आधी त्याच्या मागे न लागता थेट जामीनदाराकडे येऊ शकते. शेडनेटच्या कर्जाला जामीन राहताना ते कर्ज आपलेच आहे असे समजून सही करावी.

कराची भीती मात्र विनाकारण आहे. स्वतःच्या रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न हे शेतीचे उत्पन्न धरावे, असे २००८ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात स्पष्ट केले. दुसऱ्याची तयार रोपे आणून नफ्यावर विकली तर तो व्यापार झाला, त्याला ही सवलत नाही. म्हणून दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवावा. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. ट्रे, औषधे, ठिबकचे साहित्य विकत असाल तर तो हिशेब सल्लागाराला दाखवावा. काही एजंट गावात येऊन "सगळे लायसन काढून देतो" म्हणून पाच-पाच हजार उकळतात. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवरची नोंदणी फुकट असते, एवढे सांगितले तरी त्याची अर्धी दुकानदारी बंद होईल.

मजुरांविषयी थोडे. रोपवाटिकेतील कष्टाचे काम बायकाच करतात. समान कामाला समान मजुरी हे १९७६ पासून कायद्याने सांगितले आहे. हजेरी लिहावी, मजुरी दिल्याची सही घ्यावी. चौदा वर्षांखालील पोरे डोळे काढायच्या यंत्रावर बसवू नयेत. बोट तुटले तर भरपाईही मालकाची आणि गुन्हाही मालकाचा. विजेचेही विचारून घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर रोपवाटिकेची मोटर आणि दिवे चालवले आणि तो वापर जोडणीत बसत नसेल, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणच्या उपविभागात एक अर्ज दिला की उत्तर लेखी मिळते.

शेवटचा मुद्दा आमच्याच खात्याचा आहे. पुष्कळ रोपवाटिकाधारक म्हणतात, "कारखान्यानं ऊस बिलातनं आमचे पैसे कापून द्यावेत, म्हंजे सगळी कटकट मिटली." मागणी समजण्यासारखी आहे. पण सभासदाच्या बिलाला त्याच्या लेखी संमतीशिवाय हात लावणे योग्य नाही, आणि ज्याच्या चलनावर जात नाही, संख्या नाही, सही नाही, त्याच्यासाठी कपात करायची तरी कशाच्या आधारावर? रोपाची तक्रार असलेल्या शेतकऱ्याचे पैसे आधीच कापले गेले तर त्याने दाद कुठे मागायची? आमचे मत असे की ज्या रोपवाटिकेने बेण्याच्या पावत्या दाखवल्या, हंगामात शेतकी खात्याला वाफे तपासू दिले आणि गिऱ्हाइकाच्या सहीचे मागणीपत्र व संमतीपत्र दोन्ही जोडले, तिचीच वसुली बिलातून व्हावी. बाकीच्यांनी ज्याचे त्याने बघावे. हे काहींना कडक वाटेल. पण आज उलटे चालले आहे: जो नीट कागद ठेवतो त्याला कपातीसाठी हेलपाटे पडतात आणि जो ओळखीचा आहे त्याची चिठ्ठी पुढे सरकते. संचालक मंडळाने यावर एकदा सरळ नियम करावा, अशी विनंती आम्ही या पानावरून करतो. सभासदांचे म्हणणे वेगळे असेल तर तेही लेखी यावे, ते मंडळापुढे जरूर ठेवू.

आडसालीची रोपे जून-जुलैत लागतात, म्हणजे मागण्या एप्रिल-मेपासूनच येऊ लागतील. मागणीपत्र, चलन आणि बाकी-मान्यतेचा कागद यांचे नमुने गट ऑफिसात मिळतील. ते घेऊन तालुक्याच्या छापखान्यात कार्बनची दुप्रत पुस्तके छापून घ्यावीत आणि त्यावर अनुक्रमांक घालायला सांगावे. अनुक्रमांक नसलेले पुस्तक स्वस्त पडते, पण त्याचे एक पान फाडले तर कळत नाही.